ओटीपी वावरात गेला

आयपीएलचे दिवस आणि संध्याकाळचे सव्वासात. वर्ध्याच्या आर्वी नाक्याजवळच्या, हिंगणघाटच्या नाहीतर पुलगावच्या कुठल्याही गल्लीतून या वेळी निघा, कूलरच्या घरघरीवर मात करणारा एक प्रश्न कानावर पडतोच: "अबे, ओटीपी कोनाच्या नंबरवर गेला?"

प्रश्न विचारणारे काका सोफ्याच्या अगदी कडेवर येऊन बसलेले असतात. समोर भिंतीवर दिवाळीत हप्त्यानं घेतलेला त्रेचाळीस इंची टीव्ही असतो आणि त्यावर क्रिकेट सोडून बाकी सगळं असतं. एक ठिपक्याठिपक्यांचा चौकोन असतो, शेजारी इंग्रजी अक्षरांचा एक कोड असतो, आणि त्याखाली इतक्या बारीक अक्षरांत सूचना असते की ती वाचायला टीव्हीजवळ उभं राहावं लागतं. मग मागून कुणीतरी ओरडतं, "बाजूले व्हा ना, कोड दिसून नाही राहिला." टॉस कोण जिंकलं हे शेजारच्या घरातल्या आरड्याओरड्यावरून कळतं.

"मोठ्या भाऊच्या नंबरवर गेला," घरातलं पोट्टं मोबाइलमधून डोकं न काढता सांगतं.

"मग लाव त्याले फोन."

"लावला. लागून नाही राहिला."

"कुठी गेला हा आता?"

"वावरात. या हप्त्यात रातची लाईन हाये ना. मोटर लावाले गेला."

शेतीपंपाला वीज पाळीपाळीनं मिळते. एखाद्या आठवड्यात दिवसा, एखाद्या आठवड्यात रात्री. ती पाळी ठरवताना आयपीएलचं वेळापत्रक कुणी समोर ठेवत नाही. विहिरीजवळ नेटवर्क नसतं. धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभं राहिलं तर दोन काड्या येतात. भाऊ बॅटरी घेऊन धुऱ्यावर येतो तेव्हा तोपर्यंत अधांतरी लटकलेले सगळे मेसेज एकदम फोनवर आदळतात. घरात मधल्या वेळात 'पुन्हा पाठवा' हे बटण तीनदा दाबलं गेलेलं असतं. त्यामुळे भाऊ फोनवर जो पहिला प्रश्न विचारतो तो अत्यंत रास्त असतो: "कोनता सांगू? वरचा का खालचा?"

घरात या प्रश्नावर मतभेद होतात. काकांच्या मते जो आधी आला तो खरा. पोट्ट्याच्या मते जो शेवटी आला तो खरा. पोट्टं बरोबर असतं, पण काका वडीलधारे असल्यामुळे पहिल्यांदा चुकीचाच आकडा टाकला जातो. मेसेजमध्ये 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका' असं बजावलेलं असतं. तेही भाऊ मोठ्यानं वाचून दाखवतो आणि त्यानंतर आकडे इतक्या खणखणीत आवाजात सांगतो की शेजारच्या वावरात राखणीला बसलेल्यालाही टीव्ही सुरू करता यावा.

टीव्हीनं माणसाला 'तू कोण' असं विचारणं तसं नवीन नाही. आज ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना आठवत असेल, एके काळी घरात रेडिओ किंवा टीव्ही ठेवायला परवाना लागायचा. पोस्टात जायचं, वर्षाचे पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. १९८०च्या दशकाच्या मध्यावर सरकारनं ही भानगड बंद केली. पण त्या परवान्यात एक सभ्यपणा होता. वर्षातून एकदा शिक्का मारला की झालं. रविवारचा सिनेमा ऐन रंगात आला असताना पोस्टमास्तर दार ठोठावून 'आपण तेच का?' असं विचारायला येत नसत.

मग २५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळा मोहल्ला. दारात चपलांचा ढीग, खिडकीत पोरांची डोकी आणि टीव्हीला हार. आजचे ॲप उघडल्या उघडल्या विचारतात, 'कोण पाहतंय?' आणि चार-पाच गोल चेहऱ्यांमधून एक निवडायला लावतात. त्या काळी हा प्रश्न आला असता तर तेवढे गोल चेहरे पडद्यावर मावले नसते.

त्यानंतर केबल आली, केबलचं डिजिटायझेशन आलं. नागपूरचा नंबर दुसऱ्या टप्प्यात लागला, मार्च २०१३ची मुदत होती. वर्ध्यासारख्या शहरांना डिसेंबर २०१५ची तारीख मिळाली आणि खेड्यांची मुदत पुढं सरकत सरकत मार्च २०१७वर गेली. २०१९च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामक ट्रायनं वाहिन्या निवडायला सांगितल्या, तेव्हा शंभर वाहिन्यांचे १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हा आकडा घराघरांत तोंडपाठ झाला. पण तेव्हाही जो काही वाद व्हायचा तो केबलवाल्याशी. तो हाडामांसाचा होता, चौकात भेटायचा, त्याला बसवून चहा पाजून दोन शब्द सुनावता येत. आता ज्याच्याशी बोलायचं तो कुठल्या तरी देशातला सर्व्हर आहे आणि तो फक्त 'काहीतरी चुकलं आहे' एवढंच म्हणतो. काय चुकलं, कोणाचं चुकलं, हे सांगायला तो बांधील नाही.

वर्ध्यानं याहून अवघड जोडण्या पाहिल्या आहेत. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तिथं टेलिफोन बसवून दिला. तो आजही आश्रमात पाहायला मिळतो. साम्राज्याच्या सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याला साम्राज्याच्या सगळ्यात मोठ्या विरोधकाशी बोलायचं होतं, कुडाच्या आणि मातीच्या झोपडीत बोलायचं होतं आणि ते जमलं. पलीकडून कुणी 'आपल्या नोंदणीकृत ईमेलवर गेलेला कोड सांगा' म्हटल्याची नोंद नाही.

आजची खरी अडचण तंत्रज्ञानाची नाहीच. ती वाटणीची आहे. घरं वाटली गेली, वावरं वाटली गेली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. एकत्र राहिलं ते फक्त ओटीटीचं खातं. त्याचा सातबारा काढायचा म्हटलं तर चार नावं निघतील. मोबाइल नंबर मोठ्या भावाचा. ईमेल भाच्याचा, कारण खातं उघडलं त्या दिवशी तो सुट्टीत आला होता. पैसे पुण्याला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाच्या खात्यातून कटतात. आणि पासवर्ड? तो सुनेच्या धाकट्या भावाला पाठ आहे, जो सध्या कुणाशी बोलत नाही. टीव्ही मात्र पाचव्याच माणसाच्या भिंतीवर आहे आणि त्याचं नाव कुठल्याच रकान्यात नाही, इतर हक्कांतही नाही. खऱ्या सातबाऱ्याची डिजिटल सहीची प्रत पंधरा रुपये भरून घरबसल्या निघते. या खात्याचा फेरफार करून घ्यायला कुठला तलाठी आहे?

त्यातून ईमेल ही एक वेगळीच इस्टेट. जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक काकांना आपला ईमेल आहे हेच ठाऊक नसतं. पण तो असतो. पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा बजाज चौकातल्या नाहीतर तालुक्याच्या गावातल्या दुकानदारानं फोन चालू करण्यासाठी काउंटरवरच तो तयार करून दिलेला असतो. नाव काकांचं, मधे दुकानदाराला सुचलेला एक आकडा, आणि पासवर्ड खोक्याच्या झाकणावर बॉलपेननं लिहिलेला. ते झाकण काकूंनी सुई-दोरे ठेवायला घेतलं. पुढं कधीतरी ते कुठं गेलं ते कुणाला माहीत नाही. फोन बदलले, दुकानदारानं दुकान बदललं, पण टीव्ही अजूनही विचारतो, 'याच खात्यानं पुढं जायचं का?'

ज्या घरात पासवर्ड लिहून ठेवण्याची शिस्त असते त्या घरात तो कालनिर्णयच्या पानावर असतो. दुधाच्या खाड्यांशेजारी, गॅस लावला त्या तारखेखाली. अक्षर ज्याचं त्यालाच कळेल असं. शून्य आहे की ओ, यावर कुटुंबात दोन तट पडतात. पहिलं अक्षर मोठं आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, पण ते त्यानं लिहिलेलं नसतं. जानेवारीत नवं कालनिर्णय भिंतीवर चढतं आणि जुनं रद्दीत जातं. त्यानंतर साधारण आठवड्याभरानं टीव्ही आपणहून साइन आउट होतो. हा योगायोग इतक्या घरांत घडतो की पंचांगात त्याची नोंद व्हायला हरकत नसावी.

पासवर्ड हाती लागला तरी तो टीव्हीत घालायचा कसा, हा पुढचा अध्याय. रिमोटवर चार बाण आणि मधे एक गोल. पडद्यावर अक्षरांची चटई. 'ए'वर उभं राहून 'एस'पर्यंत चालत जायचं, मधे एक पाऊल जास्त पडलं की 'टी'. मागं या. लहान अक्षरांतून मोठ्यांत जायला एक बटण, आकड्यांना दुसरं, आणि तो गोलात अडकलेला 'ए' कुठल्या तळघरात ठेवलाय हे प्रत्येक ॲपचं वेगळं. टाकलेलं अक्षर लगेच काळा ठिपका होऊन जातं. नऊ ठिपके झाले की काका विचारतात, "आता कितवं होतं?"

खरं तर याच त्रासातून सुटका व्हावी म्हणून तो कोड निघाला. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी ऑगस्ट २०१९मध्ये त्याचा एक दस्तऐवज काढला, आरएफसी ८६२८. ज्या यंत्रांवर टाइप करणं जिवावर येतं, उदाहरणार्थ टीव्ही, त्यांनी नुसता कोड दाखवावा आणि माणसानं तो फोनवर टाकावा, असं त्यात सांगितलं आहे. कल्पना चांगलीच आहे. दस्तऐवजही बारकाईनं लिहिलेला आहे. कोडमध्ये स्वर घेऊ नयेत असं त्यात सुचवलंय, कारण स्वर आले की आठ अक्षरांतून चुकून एखादा खराच शब्द तयार व्हायचा, आणि तो कसला निघेल याचा नेम नाही. म्हणून फक्त वीस व्यंजनं ठेवली. त्यात ओ नाही, आय नाही, म्हणजे शून्याशी आणि एकाशी होणारी भांडणंही मिटली. नमुन्यादाखल जो कोड छापलाय तो असा: डब्ल्यू-डी-जे-बी, एम-जे-एच-टी. निरर्थक वाटतो, पण ती दस्तऐवज लिहिणाऱ्या चौघांच्या नावांची आद्याक्षरं आहेत: विल्यम डेनिस, जॉन ब्रॅडली, माइक जोन्स, हॅनेस चोफेनिग. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात, तशी इथं चार साहेबांनी आपली मुद्रा उमटवून ठेवली.

या चौघांनी सगळा विचार केला, फक्त हा कोड वर्ध्याहून पुण्याला फोनवर सांगावा लागेल याचा केला नाही. बी, डी, जी, पी, टी, व्ही ही सगळी मंडळी खराब नेटवर्कवर एकाच आवाजात बोलतात.

"व्ही."

"कोणता? व्ही की डब्ल्यू?"

"व्ही रे. विनोबांचा व्ही."

"आणि पुढचा?"

"वर्ध्याचा डब्ल्यू."

काकांच्या तोंडून दोन्ही 'व'च येतात. पलीकडचा मुलगा शेवटी दोन्ही जागी डब्ल्यू टाकतो. पवनारच्या आश्रमातून विनोबा सांगत राहिले की भारतातल्या सगळ्या भाषा नागरीतही लिहा. पवनारचं कुणी ऐकलं असतं तर निदान हा एक फोन वाचला असता.

त्याच दस्तऐवजात आणखी एक गमतीचा भाग आहे. पडद्यावर कोड दाखवून टीव्ही स्वस्थ बसत नाही. तो दर पाच सेकंदांनी सर्व्हरला विचारत राहतो, 'झालं का?' सर्व्हर सांगतो, 'अजून नाही.' पाच सेकंदांनी पुन्हा, 'झालं का?' टीव्हीनं फारच घाई केली तर सर्व्हरला 'हळू' असं बजावण्याची मुभा आहे, आणि मग टीव्हीला दोन प्रश्नांमध्ये पाच सेकंद वाढवावे लागतात. नेमक्या याच वेळी सोफ्यावर दुसरं सत्र चालू असतं. काका दर पाच सेकंदांनी पोट्ट्याला विचारतात, "झालं का बे?" पोट्टं म्हणतं, "थांबा ना." पाच सेकंदांनी, "झालं का?" सर्व्हरला मिळालेला तो अधिकार पोट्ट्याला मात्र कुठल्याही आरएफसीनं दिलेला नाही.

मग पत्ता. टीव्ही म्हणतो, फोनवर अमुक डॉट कॉम स्लॅश ॲक्टिव्हेट उघडा. इथं 'स्लॅश' म्हणजे तिरपी रेघ, हे एकदा सांगून पटतं. ती फोनच्या कीबोर्डवर कुठं दडली आहे, हे दहादा सांगूनही सापडत नाही. डावीकडं तिरपी की उजवीकडं तिरपी, यावर चर्चा होते. शेवटी पत्ता पत्त्याच्या जागी न जाता शोधायच्या चौकटीत जातो आणि समोर भलत्याच दहा गोष्टी येतात. त्या भलत्या गोष्टींत काय काय असतं, ते पुढं येईलच.

त्यामुळे हल्ली सगळे चौकोनाकडं वळले आहेत. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. भाजीवाल्याच्या हातगाडीवर तो छान काम करतो. टीव्हीवर मात्र एक घोटाळा आहे: चौकोन वर्ध्याच्या भिंतीवर आणि लॉगिन असलेला फोन पुण्यात. यावरही तोडगा निघालेला आहे. घरातून टीव्हीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा. पुण्याच्या मुलानं तो खोलीतल्या मित्राच्या फोनवर पुढं पाठवायचा आणि त्या फोनवरचा चौकोन स्वतःच्या फोननं स्कॅन करायचा. हे खरोखर चालतं. फक्त फोटो काढताना ट्यूबलाइटचं प्रतिबिंब चौकोनावर पडतं, ते टाळायला लाईट बंद करावा लागतो, लाईट बंद केला की आजी विचारते, "लाईन गेली का बाप्पा?", आणि या गोंधळात टीव्ही नवा चौकोन काढून मोकळा होतो.

कधीकधी सगळं जुळून येतं. आकडे बरोबर, अक्षरं बरोबर, टीव्हीवर हिरवी खूण येते.

आणि लाईन जाते.

ती परत येईपर्यंत सातवी ओव्हर असते. राउटरचे दिवे एकेक करून लागतात. टीव्ही उठतो आणि म्हणतो, 'नवीन अपडेट उपलब्ध आहे.'

हे झालं सरळ साइन इन. याच्यापलीकडं योजनांचं राज्य आहे. नेटफ्लिक्सची १४९ रुपयांची योजना घेतली की ती फक्त मोबाइल आणि टॅब्लेटवर चालते, टीव्हीवर नाही. हे कळतं ते टीव्ही भिंतीला लावून झाल्यावर. ॲमेझॉन प्राइमनं जानेवारी २०२५पासून भारतात एका खात्याला पाच उपकरणं ठेवली आणि त्यांत टीव्ही दोनच. तिसरा टीव्ही लावायचा तर आधीच्या दोनांपैकी एकाला बाहेर काढायचं. कुणाला काढायचं हा निर्णय अनेक घरांत अजून प्रलंबित आहे, कारण एक टीव्ही सासरचा आहे आणि एक माहेरचा.

पण खरी कमाल नेटफ्लिक्सच्या 'घरा'ची. याच कंपनीनं २०१७ साली ट्विटरवर म्हटलं होतं की पासवर्ड वाटून घेणं म्हणजे प्रेम. २० जुलै २०२३ला तिनं भारतात ते प्रेम संपल्याचं कळवलं. त्यानंतर एक खातं एका घरापुरतं, आणि घर म्हणजे एका ठिकाणी एकाच इंटरनेटवर राहणारी माणसं. पैसे भरणारा मुलगा हिंजवडीत, आईवडील कारंजा घाडगेला. एका संध्याकाळी टीव्हीवर इंग्रजीत सूचना येते, तुमचा टीव्ही या खात्याच्या घराचा भाग नाही. मुलगा फोनवर समजावून सांगतो. वडील शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "मंग मी कोनाच्या घरातला?" हिंदू अविभक्त कुटुंब म्हणजे कोण यावर न्यायालयांत पिढ्यान् पिढ्या खल झाला. वायफायवरून निकाल लावण्याचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

मराठी मालिका पाहणाऱ्या काकूंची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना फक्त तीन गोष्टी पाहायच्या असतात. स्टार प्रवाहची मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीची झी फाइव्हवर आणि हास्यजत्रा सोनी लिव्हवर. तीन ॲप, तीन खाती, तीन पत्ते, तीन तऱ्हांचे कोड. हॉटस्टार कुठं आणि जिओसिनेमा कुठं, हे त्यांनी वर्षभर मेहनत करून पाठ केलं होतं, तर १४ फेब्रुवारी २०२५ला, व्हॅलेंटाइन डेच्या मुहूर्तावर, दोघांनी लग्न लावून एकच ॲप केलं आणि चिन्हाचा रंगही बदलला. काकूंनी त्या नव्या चिन्हाला बरेच दिवस हात लावला नाही. अनोळखी दिसलं तर दाबायचं नाही, असं त्यांना पोट्ट्यानंच शिकवलेलं होतं.

शिकवण्याचं म्हणाल तर तोही विषय वर्ध्याचाच. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. हातानं काम करता करता शिकायचं, हा तिचा पाया. त्याच जिल्ह्यात आज नातू आजोबांना टीव्ही शिकवतो तो असा: "द्या इकडं, तुमाले नाही जमत." रिमोट हातातून जातो, अंगठा वीजवेगानं चालतो, आजोबांना फक्त पडद्यावरची पळापळ दिसते. तीन महिन्यांनी पुन्हा साइन आउट झालं की आजोबा होते तिथंच असतात आणि नातू कोट्याला शिकायला गेलेला असतो.

या सगळ्या काळात मागच्या खोलीत आजीचा जुना टीव्ही चालू असतो. डब्यासारखा, जाड पाठीचा. गच्चीवर फ्री डिशची छत्री. दूरदर्शननं ही सेवा डिसेंबर २००४मध्ये सुरू केली. छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचे पैसे नाहीत, खातं नाही, पासवर्ड नाही. सह्याद्रीवर बातम्या संपतात, कीर्तन लागतं, आजी वाती वळत ऐकते. समोरच्या खोलीतून "आला का ओटीपी?" असा पुकारा झाला की ती आवाज दोन काड्यांनी वाढवते. नव्या टीव्हीला बत्तीस हजार दिले आणि जुना कुणी पाचशेलाही घेत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात दोघांपैकी जास्त तास चित्र कोणी दाखवलं याचा हिशेब त्या घरात मुद्दामच कुणी मांडत नाही.

फ्री डिशवर आयपीएलचे सगळे सामने दिसत नाहीत, हे काकांचं म्हणणं मात्र खोडता येत नाही. त्यामुळे ते कोडाशी झटत राहतात, आणि झटता झटता एखाद्या दिवशी त्या भलत्या दहा गोष्टींकडं जातात.

इथं थट्टा थांबवावी लागते. 'टीव्ही ॲक्टिव्हेट' असं शोधलं की खऱ्या पानाच्या आजूबाजूला खोटी पानंही सापडतात. नाव कंपनीचं, रंग कंपनीचे आणि मधे ठळक अक्षरांत एक हेल्पलाइन नंबर. फोन लगेच उचलला जातो. खऱ्या कंपनीचा फोन इतक्या लगेच कधी उचलला जातो का, एवढा विचार जरी केला तरी पुष्कळ. पलीकडचा माणूस अदबीनं 'सर' म्हणतो, तुमच्या उपकरणाचं ॲक्टिव्हेशन शुल्क बाकी आहे सांगतो, कधी कार्डाचा नंबर मागतो, कधी फोनचा पडदा त्याला दिसेल असं ॲप टाकायला लावतो. अशा ॲपमधून बँक खाती रिकामी होतात, म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०१९मध्येच बँकांना सावध केलं होतं. अमेरिकेत रोकू कंपनीलाही ग्राहकांना जाहीर सांगावं लागलं की यंत्र सुरू करून द्यायला आम्ही काही घेत नाही. तेव्हा फसणारे फक्त आपलेच काका नाहीत.

उलट दिशेनंही सांभाळायला हवं. कुणी अनोळखी फोन करून 'मी सांगतो तो कोड तुमच्या फोनवर टाका' म्हणाला, तर तुम्ही त्याचा टीव्ही तुमच्या खात्याला जोडून देत असता. कोड नेहमी आपल्या घरातल्या, आपल्या डोळ्यांसमोरच्या पडद्यावरचा असावा.

म्हणून वर्ध्यातल्याच काय, सगळ्याच काका-काकूंना एवढंच सांगणं आहे. पत्ता टीव्हीवर लिहिलेला असतो तोच, वरच्या पट्टीत, तिरप्या रेघेसकट टाकावा. ती रेघ प्रश्नचिन्ह आणि १२३ लिहिलेल्या बटणामागं असते. जमलं नाही तर मोहल्ल्यातल्या पोट्ट्याला बोलवावं. तो फार तर एक थंडा मागेल. यूट्यूब असो, प्राइम असो की आणखी कुठलं ॲप, टीव्हीवर ते जोडायचं वेगळं शुल्क नसतं. पैसे लागतात ते महिन्याच्या वर्गणीचे, आणि ते फोनवर कुणाला सांगून भरायचे नसतात. कुणी मागितले तर फोन ठेवून द्यावा. गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३०वर फोन करावा. तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे आणि तो लावायला ओटीपी लागत नाही.